दुसरी कळशी

मी डॉक्टर होणार हे माझ्याआधी गावाला कळलं होतं. मी मॅट्रिक पास झाल्याची बातमी आली त्याच संध्याकाळी पाटलांनी चावडीवर बसून निकाल देऊन टाकला, "मुलान्याचं पोरगं हाय. कापायचा हात बापाकडनंच आलाय. सायन्सला घाला, डागदर हुईल." चावडीवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. गावाला घरचा, फुकटातला डॉक्टर हवा होता, असा मला तेव्हा संशय आला आणि तो आजही गेलेला नाही.

आमचं गाव राहात्याच्या बाजूचं, कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारं. माझे वडील गावचे मुलाणी. गावात कुणाच्याही घरी, कुणाच्याही देवापुढे बकरं कापायचं असलं की सुरी आमच्या घरची लागे. देवीच्या जत्रेतला नवस असो की आमची बकरीद, वडिलांनी येऊन बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय गाव मटणाला शिवत नसे. त्याबद्दल सुगीला खळ्यावर बलुतं मिळे आणि कापलेल्या बकऱ्यातला वाटा घरी येई. अशा बापाचा मी एकुलता एक मुलगा आणि मला रक्त बघवत नसे.

बघवत नसे म्हणजे नुसतं वाईट वाटे असं नाही. पायातलं बळ जाई, कानात शिट्टी वाजे, डोळ्यांपुढे पिवळं पिवळं होई. हे गुपित मी लहानपणापासून जिवापाड जपलं होतं. मुलाण्याच्या पोराला रक्ताची भीती वाटते हे गावाला कळलं असतं तर जत्रेतल्या तमाशातही माझी नक्कल झाली असती. वडिलांना कळलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी पुढे जाऊच देत नसे.

गुपित टिकलं ते माझ्या हुशारीमुळे, अशी माझी समजूत होती. कापण्याआधी बकऱ्याला पाणी पाजायचं असतं. तहानलेल्या जनावरावर सुरी चालवायची नाही, त्याच्या डोळ्यांदेखत सुरीला धार लावायची नाही, हा वडिलांचा नेम. मी पाण्याची कळशी घेऊन त्यांच्याबरोबर जाई. बकरं पाणी पिई. मग वडील उरलेलं पाणी ओतून टाकत आणि रिकामी कळशी माझ्या हातात देत. "जा, पाटलाच्या मळ्यातल्या हिरीचं आन. हितलं खारट हाय. धुवायला पानी लागंल." अम्मा घरचं पाणी रोज मशिदीमागच्या विहिरीवरून भरायची, ती विहीर हाकेच्या अंतरावर होती. मळ्यातली विहीर गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. मी जाताना रेंगाळायचो, येताना त्याहून रेंगाळायचो. बोरांचे दिवस असतील तर बोरं वेचायचो, नाहीतर कळशी मुद्दाम लवंडून पुन्हा भरायचो. परत येईपर्यंत बकरं झाडाला टांगलेलं असे आणि सोलणं चालू असे. त्याच्याकडे न बघता कळशी खाली ठेवायची मला सवय झाली होती.

वडील कधी रागावले नाहीत. यामुळेच मला जास्त धास्ती वाटे. हा माणूस आज गप्प आहे, पण एक दिवस विचारणार की एवढा वेळ कुठं मेला होतास, आणि त्या दिवशी सुरी माझ्या हातात देणार. त्यांच्या तोंडाकडे बघून ते कधी विचारतील याचा अंदाज घेण्यात माझं अर्धं बालपण गेलं. मी संशयी झालो तो इथेच.

तर पाटलांनी निकाल दिला तेव्हा वडील चावडीच्या पायरीवर बसले होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. सगळ्यांच्या माना डोलावून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान खाली घातली. त्यांना हे मनापासून हवं आहे असा मी त्या बघण्याचा अर्थ लावला. गावाला नाही म्हणता आलं असतं एखाद वेळेस. बापाला कसं म्हणणार?

नगरला नुकतंच कॉलेज निघालं होतं. पूर्वी पुण्याला जावं लागे, आता चितळीच्या स्टेशनावर गाडीत बसलं की दुपारपर्यंत नगर. मी एका खोलीत राहू लागलो आणि सायन्सच्या पहिल्या वर्षाला बसलो.

ते वर्ष मोठं विचित्र होतं. पावसाळा संपता संपता मोगलाईत सैन्य शिरलं. निजामाचं राज्य आमच्या जिल्ह्याच्या कुंपणालाच लागून. नगरच्या हॉटेलात मी चहा पीत बसलो की शेजारच्या बाकावरचं बोलणं थांबायचं. घरमालक माझ्या खोलीत डोकावून "काय वाचता?" असं फार गोड आवाजात विचारायचे. मी त्यांना फिजिक्सचं पुस्तक दाखवायचो, ते ते उलटं धरून बघायचे. माझ्यावर कुणाचा संशय नसेलही, पण मला तो सगळीकडे दिसायचा. पोस्टमन माझ्या खोलीवरून पुढे गेला तरी मी दाराआडून बघायचो, कुणाच्या घरी थांबतो ते.

आणि मग बेडूक आला.

जीवशास्त्राच्या तासाला प्रत्येकापुढे मेणाचा ट्रे आणि त्यावर पाठीवर पाडून टाचण्यांनी ताणलेला बेडूक. क्लोरोफॉर्मनं तो निपचित असायचा, पण पोट उघडलं की आत हृदय धडधडत असायचं. मी कात्री हातात घेतली एवढं आठवतं. जागा झालो तेव्हा मी बाकावर आडवा होतो आणि एक मुलगा माझ्या तोंडावर पाणी मारत होता. वर्गात हशा नव्हता. हशा परवडला असता. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मुलाण्याचा पोरगा बेडकाला भितो? सोंग आहे हे." यावर दुसरा म्हणाला, "कशासाठी सोंग?" याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, म्हणून त्यांचा संशय वाढला. त्या दिवसापासून मी खोटारडा ठरलो, तेही आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट केल्याबद्दल! मला इतका संताप आला होता की मी त्या दोघांशी वर्षभर बोललो नाही.

पुढच्या तासांना शेजारचा मुलगा माझाही बेडूक कापून देई. मी डोळे मिटून चित्र काढी. परीक्षेत मात्र ज्यानं त्यानं आपला बेडूक आपणच कापायचा असतो. मी ट्रेपुढे उभा राहिलो, कात्री उचलली, खाली ठेवली आणि बाहेर येऊन कडुलिंबाखाली ओकलो. जीवशास्त्रात नापास. फिजिक्स-केमिस्ट्रीतही काही उजेड पडला नव्हता.

पण त्या वर्षात एक चांगली गोष्ट झाली होती. आर्ट्सच्या मुलांचा मराठीचा तास प्रयोगशाळेच्या शेजारच्या खोलीत भरे. बेडकाच्या तासाला चित्र उरकलं की मी काही ना काही निमित्त काढून बाहेर पडे आणि त्या खोलीच्या दाराबाहेर उभा राहून ऐके. आत मराठीचे सर एखादी ओवी घेऊन तासभर तिच्यावर बोलत, आणि तास संपला तरी माझे पाय तिथून हलत नसत. मला तिथे आत बसायचं होतं. एवढं उघडपणे मला त्याआधी काही हवं वाटलं नव्हतं.

निकालानंतर मी प्रिन्सिपलसाहेबांकडे गेलो. आर्ट्सला बसू द्या म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी बेडकाबद्दल बोललो नाही, नुसतं "झेपत नाही" म्हणालो. ते म्हणाले, "हरकत नाही. पण जूनमध्ये वडिलांना घेऊन या. त्यांनी माझ्यासमोर हो म्हटलं पाहिजे. उद्या गावात कुणी म्हणायला नको की कॉलेजनं मुलाण्याच्या मुलाला सायन्समधून काढून टाकलं. दिवस बरे नाहीत." म्हणजे त्यांनाही कुणाचा तरी संशय होताच.

मी सुट्टीला गावी आलो ते छातीवर धोंडा घेऊन. वडिलांनी हो म्हटलं तर मराठीच्या खोलीत जागा मिळणार. नाही म्हटलं तर कॉलेज संपलं, आणि कॉलेज संपलं की आमच्या घरात एकच काम होतं. वडिलांचे हात आता थरथरत होते. सुगीला बलुतं आणायला त्यांच्यामागे कुणीतरी लागणारच होतं.

घरात एक नवा माणूसही आला होता. माझा चुलतभाऊ, मोगलाईतला. तिकडच्या गडबडीत घरदार सोडून बायकोसह आला होता. वयानं माझ्याहून बराच मोठा, अंगानं दांडगा आणि मुखदुर्बळ. गावाला तो हेर वाटे, पोलीस पाटील त्याला दर आठवड्याला चावडीवर बोलावून उगाच बसवून ठेवी. मला तो वेगळ्याच कारणानं खटके. तो ओसरीवर बसून माझ्याकडे टक लावून बघायचा. मी पुस्तक उघडलं की बघायचा, मिटलं की बघायचा. हा आपल्या बलुत्यावर डोळा ठेवून आलाय, असं माझ्या मनानं पक्कं ठरवलं.

मग एक दिवस वडील लोहाराकडून नवी सुरी घेऊन आले. त्यांची जुनी सुरी लांब आणि जड, मूठ त्यांच्या हाताला झिजलेली. ही नवी हलकी होती. त्यांनी ती अंगठ्याच्या नखावर घासून बघितली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि आढ्याला खोचून ठेवली. माझ्यासमोर, पण मला काही न सांगता. मग म्हणाले, "हात बघू."

मी हात पुढे केले. त्यांनी माझा उजवा हात उलटासुलटा करून बघितला, पहिल्या बोटाच्या बुडाशी अंगठा दाबला आणि हात सोडून दिला. "जा, जेव," एवढंच बोलले.

मी ताटावर बसलो, पण लक्ष आढ्याकडे होतं. हात कशाला बघितला हे माझ्यासारख्या संशयी माणसाला सांगायला नको होतं. मुठीचं माप घेतलं होतं! प्रयोगशाळेत नापास झाल्याचं कुणीतरी गावात पोचवलंय, पाटलांनी यांना सांगितलंय, आणि आता जत्रेला सुरी माझ्या हातात येणार. कुणी पोचवलं असेल याची मी मनातल्या मनात चौकशी सुरू केली. घरमालकापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यात सापडले. चुलतभाऊ तर होताच. तो नगरला कधी गेलाच नव्हता, ही गोष्ट मी सोयीनं बाजूला ठेवली.

जून लागला तसं मला बोलावं लागलं. वडील ओसरीवर दोर वळत बसले होते.

"आब्बा, पिरन्सिपलनी तुमाला बोलावलंय."

दोर वळायचा थांबला. "का? काय केलंस?"

"काय न्हाई केलं."

"पोलिसाची भानगड हाय का?"

"न्हाई."

"मग मुसलमान म्हनून काढत्यात का?"

"न्हाई हो. मला सायन्स सोडून आर्ट्सला बसायचंय. त्याला तुमी हो म्हनायला पायजे."

"सायन्स का सोडायचं?"

इथे मी खरं बोलायला हवं होतं. पण जीभ वळेना. "इंग्रजी लई अवघड जातं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मॅट्रिकला माझे सगळ्यात जास्त गुण इंग्रजीत होते आणि पाटलांनी ते चावडीवर मोठ्यानं सांगितले होते. "बरं. येतो," वडील म्हणाले आणि पुन्हा दोर वळू लागले.

चितळीहून निघालेल्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. त्यांच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं आणि मी निघाल्यापासून त्याच्या आकारावरून आत काय असेल याचा अदमास घेत होतो. राहुरी गेल्यावर त्यांनी ते सोडलं. भाकरी, कांदा, आणि प्रिन्सिपलसाहेबांसाठी गुळाची ढेप. निम्मी भाकरी त्यांनी मला दिली. मी ती खाल्ली, पण माझा जीव काही थाऱ्यावर आला नाही. हा माणूस साहेबांपुढे काय बोलणार हे मला कळत नव्हतं. "इंग्रजी शिकवा त्याला, मी हाय पाठीमागं" असं म्हणाला तर? तर मी पुन्हा त्या ट्रेपुढे.

प्रिन्सिपलसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली. वडील आधी नको म्हणाले, मग खुर्चीच्या काठावर बसले. गुळाची ढेप टेबलावर ठेवली. साहेब म्हणाले, "तुमच्या मुलाला सायन्स सोडायचंय. झेपत नाही म्हणतो. पण हुशार आहे. तुमची सगळ्यांची तो डॉक्टर व्हावा अशी इच्छा होती, असं ऐकलं. तुमचं काय म्हणणं आहे?"

मी भिंतीकडे बघत उभा राहिलो.

"त्येला रगात बघवत न्हाई, साहेब," वडील म्हणाले. "ल्हान हुता तवापासनं. त्येला कागदाचं काम द्या."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मी पुन्हा खाली पडणार, या वेळी बेडकाशिवाय. ते आणखी काही बोलले, वडील "व्हय साहेब, मी राजी हाय" म्हणाले, आणि आम्ही बाहेर आलो. जिथे मी ओकलो होतो त्याच कडुलिंबाखाली मी त्यांना अडवलं.

"आब्बा, तुमाला कुनी सांगितलं?"

"काय?"

"रक्ताचं."

त्यांनी मुंडासं काढून तोंड पुसलं. "बकऱ्याला पानी एकदाच पाजत्यात. तुला दुसऱ्या कळशीला कशाला धाडत हुतो मी?"

"धुवायला. हितलं पानी खारट हुतं म्हनून."

"मशिदीमागच्या हिरीचं पानी खारट? आपन रोज तेच पितो की." ते झाडाच्या पारावर बसले. "पयल्यांदा तू धा वर्साचा असशील. मी सुरी काढली आन् तुझं तोंड पांढरं फटक पडलं. तवापासनं तुला मळ्यात धाडायचो. तू यायच्या आत उरकायचं म्हनून मला लई घाई व्हायची. एकदा तू लवकर आलास तर मी पाटलाच्या गड्याला मधी उभा केला हुता, तुला दिसू नये म्हनून."

मला तो गडी आठवला. आडदांड माणूस, मला बोरं देत उगाच गप्पा मारत उभा राहिला होता. या गड्याला माझ्याशी काय काम, असा तेव्हाही मला संशय आला होता.

"मग सायन्सला का घातलंत मला?" माझा आवाज चढला. मला राग आला होता, आणि कुणावर ते कळत नव्हतं.

"मी कुठं घातलं? पाटील म्हनले. मी तुझ्याकडं बघितलं, तर तू मान खाली घातलीस. म्हनलं पोराला डागदर व्हायचंय. शिकल्यावर भ्याव मोडलं असंल. बापानं कशाला आडवं यायचं?" मग म्हणाले, "पन मला काय ते खरं वाटंना. म्हनून तुझा हात बघितला. सुरी धरनाऱ्याच्या बोटाच्या बुडाला घट्टा पडतो. तुझं बोट बायामानसागत मऊ. म्हनलं, वरीसभर ह्यानं काय कापलंच न्हाई."

बेडकं कापून घट्टा पडत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

"आन् ती नवी सुरी?"

"ती तुझ्या भावाची. त्येला शिकवतोय. माझा हात आता थिर ऱ्हात न्हाई. त्यो तुला इचारायला बगत हुता सारखा, बलुत्यावर तुझा हक्क हाय म्हनून. त्येला बोलता येईना."

म्हणजे त्याचा बलुत्यावर डोळा होता हा माझा संशय खरा निघाला, आणि तरीही मलाच मान खाली घालावी लागली. मी वडिलांशेजारी पारावर बसलो. ज्या एका माणसाला मी लहानपणापासून चुकवत आलो तो तेवढी वर्षं मला चुकवायला मदत करत होता, आणि सगळ्या जगाचा संशय घेणाऱ्या मला याचा कधी नुसता वास आला नव्हता. मला रडू आलं. तिथे, कॉलेजच्या आवारात, पोरं जात-येत असताना मी रडलो. मग मुंडासं बांधता बांधता वडिलांनी विचारलं, "ह्या आर्ट्समंदी काय कापत्यात?"

"काय न्हाई कापत. ओव्या वाचत्यात."

"कुनाच्या?"

"संतांच्या."

"बरं हाय," ते म्हणाले. "चल, गाडी चुकंल."

पुढच्या वर्षी देवीच्या जत्रेला मी गावी होतो. मिशी फुटलेला, आर्ट्सची परीक्षा दिलेला. नवी सुरी चुलतभावाच्या हातात होती आणि वडील त्याच्या शेजारी उभे राहून सांगत होते. बकरं पाणी प्यालं. वडिलांनी उरलेलं पाणी ओतलं आणि कळशी माझ्यापुढे धरली. "मळ्यातलं आन. हितलं खारट हाय." भोवती सगळा गाव उभा होता, पाटील होते. मी कळशी घेतली, ओढा ओलांडला आणि विहिरीच्या काठावर निवांत बसलो. परत कधी जायचं याची चिंता मला त्या दिवशी पहिल्यांदा नव्हती. थोड्या वेळानं मळ्याच्या बांधावर पाटलांचा तोच गडी दिसला, आता म्हातारा झालेला. त्यानं लांबूनच हात वर करून ओरडून सांगितलं, "मुलानी म्हनत्यात, झालं, आता ये!"